रेडिएटरला लावलेलं कळण्याचं पीठ

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माझं पोस्टिंग उत्तर सीमेवरच्या एका डोंगरी छावणीत झालं. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक, गाव जामनेर तालुक्यातलं पहूर. स्पेअर पार्ट खालून यायचे आणि बर्फाने रस्ता अडला की यायचेच नाहीत. मग हाताशी असेल त्यावर भागवायचं. खोली तापवायच्या बुखारीच्या धुराड्याला तुपाचा डबा कापून लावला. स्टोव्हच्या पंपाचा वॉशर जुन्या बुटाच्या जिभेतून काढला आणि गोडेतेलात भिजवून बसवला. पलटण आमच्या शेडला ‘खान्देश गॅरेज’ म्हणून चिडवायची. पण इन्स्पेक्शनला आमची एकही गाडी बंद सापडली नाही, आणि ते सांगताना माझी छाती आजही फुगते.

या गॅरेजचा दुसरा मालक लान्स नाईक भिकन, ड्रायव्हर, चोपड्याचा. भरतीआधी तो केळीच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चालवायचा. सुट्टीवरून येताना आईने त्याला कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ डबाभर दिलं होतं. लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, ठेवलं तर चार दिवसांत फस्त होईल, म्हणून गडी डबा आपल्या वन-टन गाडीच्या सीटखाली लपवायचा. रविवारी एकच भाकरी थापायचा आणि अर्धी मला द्यायचा. आणखी मागितली की डोळे वटारायचा.

जानेवारीत एका सकाळी शिपाई सुखदेव पोट धरून आडवा झाला. नर्सिंग असिस्टंटने तपासलं. अपेंडिक्स, आजच ऑपरेशन हवं, नाहीतर जगणार नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. ढग इतके होते की हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. वायरलेस सेटवर हुकूम आला.

“पेशंटला रोडने खाली आणा. सर्जन तयार आहे. ओव्हर.”

भिकनने वन-टन काढली. मागे सुखदेव, त्याच्याजवळ नर्सिंग असिस्टंट, पुढे मी. अर्ध्या वाटेवर वरून दगड सुटले. मागचा रस्ता बंद झाला आणि एक दगड जाळी फोडून रेडिएटरवर बसला. पाणी भळाभळा गेलं. मागून मदत येणार नव्हती. सुखदेव कण्हायचा थांबला होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

फुटलेल्या नळ्या मी पक्कडीने चेपून बंद केल्या. बारीक चिरांत कपड्यांचा साबण दाबला. बर्फ वितळवून पाणी भरलं, इंजिन चालू केलं. पाणी तापलं तसा साबण वाहून गेला.

भिकन वाकून चिरा बघत होता. मग म्हणाला, “भाऊ, उडीद चिकट शे. फुटेल माठले माय तेच लावस.”

“ते पीठ तू कोणालेच देत नही,” मी म्हणालो.

“आज देसु.”

त्याने डबा बॉनेटवर रिकामा केला. साबण किसून त्यात घट्ट मळला. मी तो गोळा चिरांवर थापला, वरून पायपट्टी आवळली आणि आत दाब वाढू नये म्हणून रेडिएटरचं झाकण सैल ठेवलं. इंजिन मंद चालवून लेप वाळवला. दर वळणावर उतरून मी बर्फाचं पाणी ओतत होतो. वाफेत हात भाजले, पण पीठ हललं नाही.

हॉस्पिटलात सुखदेवला थेट टेबलावर घेतलं. तो वाचला. तिथल्या गाड्यांचं काम बघणाऱ्या एमटी ऑफिसरने बॉनेट उघडलं आणि हे काय आहे, असं विचारलं. भिकन सावधान उभा राहिला.

“भाकरी, सर.”

पुढच्या हिवाळ्यात रसद वर नेताना भिकनची गाडी कोसळलेल्या हिमकड्याखाली सापडली आणि तो गेला. त्याचं सामान चोपड्याला पोहोचवायचं काम मी मागून घेतलं. त्याच्या आईने कपड्यांना हात लावला नाही. रिकामा डबा तेवढा उचलला.

“पीठ पुरनं का त्याले?”

मी तिला सगळं सांगितलं. सुखदेव पंजाबात आपल्या गावी आहे, त्याला मुलगी झाली आहे, हेही सांगितलं. बोलताना मला रडू आलं, तिला नाही. ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा डबा भरलेला होता.

“तुन्ही गाडीमा ठेव,” ती म्हणाली.

लान्स नाईक भिकनचा तो डबा मी निवृत्त होईपर्यंत सीटखाली ठेवला. दर सुट्टीत चोपड्याला जाऊन भरून आणायचो.