सत्तावीस नंबरचा शर्ट

क्लबात त्यांना सगळे 'मोकळेकाका' म्हणत. काकांना हे नाव मुळीच आवडत नसे, पण एकदा चिकटलेलं नाव थोडंच घामाबरोबर धुऊन निघतं! त्यांचं काम असं होतं: ज्या फुटबॉलपटूंचा जुन्या क्लबशी करार संपलाय आणि नव्या कुणी अजून उचललेलं नाही, असे मोकळे गडी दर हंगामाआधी चाचणी सामना खेळायला येत. त्यातला कोण घ्यायचा आणि कोणाला चहा पाजून परत पाठवायचं, हे काका ठरवत. म्हणजे कागदावर ठरवत कोच. पण काकांच्या वहीत 'नकार' असला की कोच पुढचं वाचायची तसदी घेत नसत.

काकांची पद्धत जगावेगळी होती. गोल कोण करतो, टाळ्या कोणाला पडतात, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ते चूक व्हायची वाट बघत बसत. खेळाडूच्या पायातून चेंडू निसटला की काका मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजत. तेवढ्यात तो काय करतो? पंचाकडे हात पसरतो, जोडीदारावर डाफरतो, कमरेवर हात ठेवून उभा राहतो, की गपगुमान वळून पळत सुटतो? "चांगल्या दिवशी काय, कुणीही चांगला खेळतो," काका म्हणत. "मला वाईट दिवशीचा माणूस दाखवा."

दुसरा नियम त्याहून कडक. चाचणीच्या दिवशी ते स्टँडच्या अगदी वरच्या रांगेत एकटे बसत आणि मध्यंतरातसुद्धा खाली उतरत नसत. दुसऱ्याचं बोलणं कानावर पडलं की आपलं मत आपलं राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा क्लबचे अध्यक्ष कौतुकाने शेजारी येऊन बसले, तर काका उठून थेट पलीकडच्या स्टँडमध्ये गेले. घरी मात्र हा ताठा चालत नसे.

"अहो, डोळे तपासून घ्या," बायको सहा महिने मागे लागली होती. "परवा समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीला तुम्ही हात केलात."

"ओळखीचं कुणीतरी वाटलं."

"चादर?"

"मी पाय बघायचं काम करतो गं. पाय मोठे असतात," असं म्हणून काकांनी विषय संपवला होता.

यंदा मोकळे गडी तीन होते. पहिला होता गोल करणारा. त्याचे बूट असे चकचकीत, की संधी हुकली की तो दहाच्या दहा आकडे बुटांकडेच बघत राही. त्याला नकार. दुसरा मधल्या फळीतला, शांत डोक्याचा, त्याला होकार. तिसरा उंच बचावपटू होता. वय एकतीस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, सात महिने कुठल्याच क्लबात नाही. हा हंगामही असाच गेला, तर पुढच्या वर्षी त्याला चाचणीलासुद्धा कुणी बोलावलं नसतं. त्याला ताईंनी सत्तावीस नंबरचा शर्ट दिला होता. ताई म्हणजे क्लबाच्या धुलाईखोलीच्या मालकीणबाई. पगार क्लबाचा, राज्य त्यांचं.

पहिल्या हाफमध्ये काका खूश झाले. वहीत लिहिलं: "२७. डावा पाय फार चांगला. चूक एक. चौथ्या आकड्याला परत जागेवर. तोंडातून शब्द नाही." हे लिहायला त्यांनी मान खाली घातली आणि मध्यंतराची शिट्टी झाली.

दुसऱ्या हाफमध्ये मात्र सत्तावीस नंबरला काय झालं कोण जाणे. तीनदा चेंडू घालवला, तिन्ही वेळा कमरेवर हात. काकांचे दहा आकडे संपले तरी गडी तिथेच. काकांना वाईट वाटलं. पण वाईट वाटणं आणि वही या दोन गोष्टी ते वेगळ्या ठेवत. त्यांनी लिहिलं: "डावा पाय एकदाही वापरला नाही. घाबरला असावा. नकार."

कोच दुसऱ्या हाफला अध्यक्षांच्या बैठकीत अडकले होते, आणि पंच म्हणून शिट्टी वाजवणारे सहायक कोच सामना संपताच घरी गेले होते. त्यामुळे सगळी भिस्त दोघांवर. एक काका, दुसरी 'संगणकवाली'. कॅमेऱ्याच्या चित्रणातून प्रत्येक खेळाडूचे आकडे काढणारी ही पोरगी क्लबात येऊन दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षांत तिचं आणि काकांचं एकाही खेळाडूवर जमलं नव्हतं. त्यांची भांडणं ऐकायला माळीसुद्धा खुरपं खाली ठेवून खिडकीशी येई. त्या दिवशी कोचनी वही आणि तिचा कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीकडे तेच: सत्तावीस नंबर दुसऱ्या हाफमध्ये ढेपाळला.

"तुमचं दोघांचं एकमत?" कोचनी दोघांकडे पाहिलं. "मग प्रश्नच मिटला."

बचावपटूला बोलावून सांगितलं. त्याच्या भुवईवर पट्टी होती. ती काकांनी पाहिली, पण बचावपटूच्या कपाळावरच्या पट्टीचं कुणाला नवल वाटतं? त्याने वाद घातला नाही. सगळ्यांशी हात मिळवला, काकांशीही, आणि पिशवी उचलून गेला.

काम झालं की काका धुलाईखोलीत चहा प्यायला जात. दोन्ही मशीनं घरघरत होती आणि ताई टबात एका शर्टाची कॉलर साबणाने घासत होत्या.

"भाऊ, त्या उंच पाहुण्याचं काय ठरलं?"

"नको म्हटलं."

"का हो? एवढं भळाभळा रक्त वाहत होतं, तरी गडी पूर्ण सामना खेळला."

"कसलं रक्त?"

"मध्यंतराच्या तोंडावर डोक्याला डोकं आपटलं ना! शर्ट रक्ताने माखला. रक्ताच्या शर्टात खेळू देत नाहीत, म्हणून मी त्याला चौतीस नंबर दिला. हा थंड पाण्यातून काढला, इस्त्रीने वाळवला आणि राखीव संघातला तो दुसरा उंच गडी उतरायचा होता, त्याला घातला. शर्ट कमी पडत होते हो."

"हा म्हणजे कुठला?"

ताईंनी शर्ट उलटा केला. पाठीवर सत्तावीस होता.

काकांनी वही उघडली. डावा पाय एकदाही वापरला नाही. वापरणार कसा, तो गडी वेगळाच होता! उत्तर त्यांच्याच अक्षरात समोर होतं, आणि त्यांनी ते 'घाबरला' म्हणून खपवलं होतं.

"मला सांगितलं का नाहीत?"

"कसं सांगणार? तुम्ही मध्यंतरात खाली येता का कधी?" ताई म्हणाल्या.

काका गप्प बसले असते, तर कुणाला कळणार नव्हतं. संगणकसुद्धा पहिल्यांदाच त्यांच्या बाजूने होता. साठीच्या माणसाने आपले डोळे गेलेत हे आपल्याच तोंडाने सांगायचं, तेही आकड्यांनी काम करणाऱ्या पोरीसमोर, हे काही सोपं नव्हतं. पण ताई पुढे वर्षभर सगळ्यांना सांगत होत्या, की काका जागच्या जागी उभे राहिले, ओठ हलवून काहीतरी मोजलं, आणि चारच्या पुढे न जाता, चहा तसाच टाकून, गुडघे सांभाळत पळाले.

बसथांबा फाटकासमोरच होता. बचावपटू बाकावर बसला होता, पिशवी पायांत, नजर रस्त्यावर. काका येऊन धापा टाकत त्याच्या शेजारी कोसळले आणि जमेल तसं सगळं सांगून टाकलं: शर्ट, रक्त, दुसरा गडी, वही.

त्याने पायांतली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाला, "म्हणजे मी बरा खेळलो होतो ना?"

"चौतीस नंबर मी बघितलाच नाही रे. मला माहीत नाही."

"मला वाटत होतं, बरा खेळलो. मग तुम्ही सगळे म्हणालात, ढेपाळलास. तेव्हापासून इथे बसून अख्खा दुसरा हाफ आठवतोय. एक चूक सापडेना. म्हटलं, आता स्वतःच्या आठवणीवरही विश्वास ठेवायचा नाही का?"

"तुझी आठवण बरोबर आहे," काका म्हणाले. "चूक माझी आहे. चल."

बस आली आणि निघून गेली.

कोच आधी चिडले, मग संगणकवालीकडे वळले. तिने चित्रण पुन्हा लावलं, पुढे नेलं, मागे नेलं, आणि तिचा चेहरा पडला. "आमचा संगणकही शर्टावरचा नंबरच वाचतो," ती हळूच म्हणाली. "चौतीस नंबरला एकही चूक नाही."

"दोन वर्षांत एकदा तुमचं पटलं," कोच म्हणाले, "आणि तेही चुकीच्या माणसावर!" मग मात्र त्यांना हसू आवरेना. "तरी काका, गोंधळातून करार करत नसतात. शनिवारी सराव सामना आहे. पुन्हा बघा."

"बघतो. पण आधी चष्मा करून घेतो," काका म्हणाले. "सहा महिने टाळतोय." हे ऐकून संगणकवालीने आपली खुर्ची त्यांना बसायला पुढे सरकवली.

शनिवारी काका नवा चष्मा लावून वरच्या रांगेत बसले. मध्यंतराची शिट्टी झाली आणि अख्ख्या क्लबाने कधी न पाहिलेलं दृश्य दिसलं: काका पायऱ्या उतरत होते. ते थेट धुलाईखोलीच्या दारात गेले.

"ताई, कुणी शर्ट बदलला?"

"कुणी नाही. जा, बसा जागेवर."

सत्तराव्या मिनिटाला घडू नये ते घडलं. बचावपटूचा पाय घसरला, चेंडू निसटला आणि समोरच्याने गोल केला. कोचनी कपाळाला हात लावला. काका पुढे सरकून बसले. एक. तो उठला. दोन. जाळ्यात गेला. तीन. चेंडू काखेत मारला. चार म्हणेपर्यंत तो मैदानाच्या मध्याकडे पळत सुटला होता, आणि जाता जाता मान खाली घातलेल्या गोलकीपरच्या पाठीवर थाप मारून गेला.

काकांनी वहीत एकच शब्द लिहिला.

सोमवारी ताई सत्तावीस नंबरच्या शर्टावर गरम दाबयंत्राने नाव चिकटवत होत्या. कॉलरवर एक फिकट डाग उरला होता. नवा शर्ट देते म्हटलं, तर बचावपटू हाच हवा म्हणून हटून बसला होता. काकांनी दारातूनच, एकाही अक्षराला न अडखळता, नाव वाचून दाखवलं.

"नाव आलं हो वाचता," ताई म्हणाल्या. "पण माणूस ओळखता का?" आणि त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे घरच्या कपड्यात, पाठीवर कुठलाच नंबर नसलेला एक उंच माणूस चहाचा कप घेऊन उभा होता.

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवून दिला.

"याला ओळखायला चष्मा लागत नाही," ते म्हणाले. "हा चौथ्या आकड्याला परत येतो."