तपासरावाचा निनावी फॉर्म

आमच्या कंपनीत तीन सह्या झाल्याशिवाय कागद मजल्याबाहेर जात नाही. तयार केले, तपासले, मंजूर. मधली सही माझ्या शेजारच्या टेबलावरची, म्हणून त्याला आम्ही तपासराव म्हणतो. वय सत्तावीस, पण चार वर्षं कागद तपासून चेहरा निवृत्तीला आलेला. किराणा आणला तरी पिशवीवर सही करेल असा माणूस.

त्याची बायको नर्स. तिची ड्यूटी सहाला सुरू व्हायची. साडेपाचला तिनं दीड वर्षाच्या मुलीला आमच्या गेटवर आणायचं, याच्या हातात द्यायचं आणि पळायचं, असं लग्नाची बोलणी करावीत तसं दोघांनी बसून ठरवलं होतं. पण साहेब रोज पाचला मीटिंग घ्यायचे. सकाळी त्यांनी आम्हाला जे सांगितलं, ते आम्ही साडेसहापर्यंत त्यांना परत सांगायचो. ती बिचारी गेटवर ताटकळायची. शेवटी मेट्रननं बजावलं, सोमवारपासून वेळेवर या, नाहीतर येऊच नका.

त्याच आठवड्यात शुक्रवारी एचआरनं तिशीच्या आतल्या सगळ्यांना फॉर्म वाटले. कंपनीतलं वातावरण कसं वाटतं, मोकळेपणानं लिहा, नाव घालू नका, फॉर्म पेटीत टाका. मोकळेपणानं म्हटल्यावर सगळ्यांची बोबडीच वळली. एकीनं 'उत्तम' लिहून खाली दोन रेघा मारल्या. चहा कोमट असतो, एवढं शौर्य मी दाखवलं. तपासरावानं मात्र जीव ओतला: 'पाचची मीटिंग आजपासून बंद करावी. तिच्यात काही ठरत नाही. घरची माणसं वाट बघतात.'

आणि सवयीनं खाली 'तपासले' म्हणून सही ठोकून फॉर्म साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवला.

लक्षात आलं तोवर ट्रे आत गेला होता. "मेलो," तो म्हणाला. पाणी प्यायला आणि पुन्हा म्हणाला, "मेलो." मला त्याची दया येत होती आणि हसूही आवरत नव्हतं.

जेवणानंतर साहेब दीडशे कागदांवर सह्या करतात. वाचायला वेळ कुठून आणणार? तीन वाजता शिपाईमामा बाहेर आले आणि मजल्याचा मंजूर कागद म्हणून त्यांनी तो नोटीस बोर्डावर लावला.

पाचला साहेब मीटिंगच्या खोलीत एकटेच. तणतणत बाहेर आले.

"कुठे आहेत सगळे? मीटिंग कोणी बंद केली?"

"तुम्हीच, साहेब," मामांनी बोर्डाकडे बोट दाखवलं.

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. मग 'तपासले'वरची सही बघितली, मग तपासरावाकडे बघितलं. तो खुर्चीत इतका खाली सरकला होता की फक्त भांग दिसत होता. साहेबांनी सही माझी नाही म्हणावं, तर खालची 'मंजूर'ची सही त्यांचीच होती. न वाचता केली म्हणावं, तर एवढ्या वर्षांच्या सगळ्या सह्यांचं काय?

साहेबांनी घसा खाकरला. "बरोबर आहे. मी विचार करूनच सही करतो. तुम्ही इथे काय करताय अजून?"

साडेपाचला मी आणि तपासराव गेटवर होतो. त्याला काय करू नि काय नको झालं होतं. समोरून त्याची बायको आली, कडेवर मुलगी. नवऱ्याला बघून ती जागच्या जागी थांबली. तोंडचं पाणीच पळालं तिच्या. मुलीला घट्ट धरून तिनं हळूच विचारलं,

"काढून टाकलं का रे तुला?"