डबा कोणी आणला?

मारोतकाका ठवकर पिठाची चक्की चालवायचे आणि जगावर चिडायचे. दोन्ही कामं सकाळी एकदमच सुरू व्हायची. चक्की संध्याकाळी बंद होई, दुसऱ्या कामाला मात्र सुट्टी नव्हती. भुवया कायम पिठानं पांढऱ्या. त्यातला वयाचा पांढरेपणा किती आणि गव्हाचा किती, हे काकूंनाही सांगता आलं नसतं. त्या भुवयांखालून लालबुंद डोळे आपल्याकडे वळले की वाटे, आता आपल्यालाच दळायला टाकतात की काय.

भिलाईत आमच्या सेक्टरच्या मार्केटात शेवटच्या कोपऱ्यावर ही चक्की होती. काका मूळचे भंडाऱ्याकडचे. आले होते स्टील प्लँटमध्ये नोकरीला लागायला, पण साहेबाशी भांडून पहिल्याच महिन्यात बाहेर पडले, असं माझे वडील सांगत. काका सांगत, "मी नाही सोडलं. त्यायलेच मी झेपलो नाही."

त्यांच्यासमोर मार्केटच्या जुन्या दिवसांचं कौतुक करायची सोय नव्हती. एकदा मी गहिवरून म्हणालो, "काका, तो आपला टेलर काय सुरेख कपडे शिवायचा, नाही?" काकांनी माझ्या डब्याचं झाकण आपटलं. "सुरेख? त्यानं माही पँट अशी शिवली, का बसलो तं उठता येत नवतं. मेला म्हून चांगला झाला काय तो?" मग मी हळूच हॉटेलातल्या भज्यांचा विषय काढला. "सकायचेच भजे संध्याकाई पुन्हा तयायचा तो. तू खात होता, म्हून तुही तब्येत अशी." रेडिओ दुरुस्तीवाल्याचं नाव मग मी गिळूनच टाकलं.

पण त्याच दमात ते म्हणाले, "दुकान चांगलं असते म्हून चालत नाही बे अव्या. गिऱ्हाईक जाते म्हून चालते. टेलर वाईट होता, पण तुमी जात होते. आता तुमी आठवण काढता अन् कपडे मॉलमधून आनता. आठवनीनं दुकानाचं भाडं निंगते काय?"

माझं लग्न नवीन होतं तेव्हाची गोष्ट. सुषमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, गहू धुऊन दिले आणि गच्चीवर वाळवायचं काम माझ्याकडे आलं. नव्या नवऱ्याला असतो तसा मलाही कामाचा उत्साह होता आणि कामाची घाई त्याहून जास्त. दुपारीच डबा भरून चक्कीवर पोचलो. काकांनी त्यातला एक दाणा उचलून माझ्या तोंडात कोंबला. "चाव." मी चावला. "आवाज आला?" "नाही." "मग गहू ओला हाय. माह्या दगडाले लेप लावून राहिला काय?"

त्यांनी एक चादर माझ्या अंगावर फेकली आणि मला गव्हासकट बाहेर काढलं. मार्केटच्या भर रस्त्यावर, उन्हात, मी गहू पसरून बसलो. एका बाजूनं चिमण्या, दुसऱ्या बाजूनं गाय. शिफ्ट सुटली आणि अख्खा सेक्टर माझ्यासमोरून सायकलीवर गेला. त्यात आमच्या ऑफिसचे मोठे साहेबही होते. त्यांनी स्कूटर थांबवली आणि काळजीनं विचारलं, "अविनाश, सब ठीक है ना घर में?" दर थोड्या वेळानं काका आतून ओरडत, "चावला काय?" शेवटी दाताखाली 'कट्' झालं, तेव्हा मला मुलगा झाल्यासारखा आनंद झाला. त्या पिठाच्या पोळ्यांची सुषमा आजही तारीफ करते. माझी करत नाही.

पुढे आम्ही क्वार्टर सोडून जुनवानीला फ्लॅटमध्ये गेलो. घरात पाकिटातलं पीठ आलं. मार्केटात एकेका दुकानाच्या जागी मोबाईलची दुकानं आली. आणि माणसाच्या हातून दुकानं सुटली की तो जे करतो, तेच मी केलं: व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. 'आपलं मार्केट, आपल्या आठवणी.' ॲडमिन मीच. पुण्याचे, बंगळूरचे, नागपूरचे, सगळे जुने शेजारी जमले आणि रोज सकाळी उसासे टाकू लागले. कोणीतरी टूम काढली की एका रविवारी सगळ्यांनी मार्केटात जमायचं आणि मारोतकाकांचा सत्कार करायचा. सगळ्या जुन्या दुकानांतलं तेवढंच एक उरलं होतं.

आमंत्रण द्यायला मी गेलो तेव्हा चक्की बंद होती. डबे ठेवायच्या लांब फळीवर एकही डबा नव्हता आणि काका तिथेच बसले होते. असे रिकामे बसलेले काका मी पहिल्यांदा पाहिले.

"एक पोट्टा आला होता," ते म्हणाले. "त्याले इथं कॉफीचं दुकान काढायचं हाय. मने, काकाजी, मशीन काढून न्या, फक्त दगड राहू द्या. त्याच्यावर काच ठेवतो. लोकं त्याच्यावर कॉफी पितीन. फील येते मने." ते उठून उभे राहिले. "कायचा फील? या दगडाले छिन्नीनं टाकी मारता मारता माहे बोटं गेले, अन् त्याच्यावर हा कप ठेवीन?"

"मग काय ठरवलं तुम्ही?"

"दिवाईपरेंत पायतो. फयीवर डबे लागले तं चक्की चालू. नाही लागले तं बंद. दुसरं काय?"

मी सत्काराचं सांगितलं. सगळे येणार म्हणालो.

"सगळे?" काकांचा आवाज अचानक खाली आला. "डबे घेऊन?"

आता अशा वेळी आयोजक जे बोलतो, तेच मी बोललो. "येतील, येतील."

त्या रविवारी आम्ही पोचलो तर फळी पाण्यानं धुतलेली होती. दगडाला नवी टाकी मारली होती. मोटरवर नवा पट्टा. काका धुतलेल्या सदऱ्यात उभे होते आणि भुवयांवर पीठ नव्हतं. मला ते ओळखूच आले नाहीत. आम्ही चाळीसेक माणसं होतो. कोणाच्या हातात फुलं, कोणाच्या हातात नारळ, माझ्या हातात शाल. काका प्रत्येकाच्या हाताकडे पाहत होते. मला वाटलं, म्हातारा भारावला. मी कौतुकानं मोबाईल काढला.

शाल झाली, नारळ झाला. पुण्याच्या एका बाईंनी कोपऱ्यातलं चिमूटभर पीठ गालाला लावून फोटो काढून घेतला. तेवढ्यात माझी मुलगी ईशा म्हणाली, "पापा, काकाजी को बोलो ना, चक्की चालू करें. रील बनानी है." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चालू करा, चालू करा!

"दळाले काय हाय?" काकांनी विचारलं.

"काही नको हो, नुसती फिरवा. आवाज ऐकायचाय."

काकांनी शाल काढली. घडी केली. मोटरवर ठेवली.

"रिकामी फिरवू?" ते म्हणाले. "दाना नसला तं दगड दगडाले खाते, ठाऊक हाय काय कोनाले? तीस वर्षं तुमचे डबे भरले, येवढंही नाही शिकले?" मग आवाज चढला, चक्कीच्या वर जायची सवय असलेला तो आवाज, आणि आज खाली चक्कीची घरघर नव्हती. "डबा कोनी आनला? या इतक्या मानसाईत डबा कोनी आनला? मी फयी धुतली! शाल कोनाले पांघरून राहिले? तुमी माह्या मातीले आले काय? मी जित्ता हाओ अजून! जा, निंगा!"

आम्ही निघालो. रस्त्यात एकजण म्हणाला, "वय झालं की होतं असं." मला राग आला, पण कोणाचा ते ठरवता येईना. त्यामुळे त्या माणसाच्या गाडीत बसून मी गुमान घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी गहू घेऊन गेलो. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "एका डब्यासाठी पट्टा चढवू काय?" आणि त्यांनी पट्टा चढवला. दाणा चावून पाहायला ते विसरले नाहीत. पुढे दर पंधरवड्याला मी जात राहिलो. फळीवर माझा डबा, कधी शेजारच्या नायर आजींचा डबा, एखाद्या दिवशी तिसरा. ग्रुपवर मी लिहिलं, "काकांकडे डबे न्या." त्यावर अंगठे खूप आले.

दिवाळी झाली आणि चक्की बंद झाली. ती जागा कॉफीवाल्यालाच मिळाली, पण दगड मिळाले नाहीत. काकांनी ते हातगाडीवर चढवून जवळच्या मरोदा वस्तीत नेले. तिथे सुकवारोबाई नावाची एक बाई घरातच चक्की चालवते, तिला देऊन टाकले. तिचे पैसे घेतले नाहीत. उलट तिच्यावर चिडून आले, तिची मोटर तिरपी बसवली होती म्हणून.

मग ते दुर्गला लेकीकडे राहायला गेले. थंडीत एकदा भेटलो. म्हणाले, "इथं मशीनचं पीठ खातो. घरची चक्की हाय मने, मिक्सरएवढी. चिडाले बी काही ठेवलं नाही लोकाईनं." त्याच हिवाळ्यात ते गेले.

ग्रुपवर बातमी पडली आणि हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. भावपूर्ण श्रद्धांजली, एक पर्व संपलं, मार्केटचा आत्मा गेला. कोणीतरी त्या रविवारचा फोटो टाकला. अंगावर शाल नाही, तोंड उघडं, डोळे मोठे. खाली लिहिलं होतं, "आमचे सदा हसतमुख काका."

तो फोटो मी काढलेला होता. माझा हात तेव्हा मोबाईलवर तसाच राहिला होता आणि बटण दाबलं गेलं होतं; बाकीच्या फोटोंबरोबर तोही ग्रुपवर गेला होता. काका हसत नव्हते. हसतमुख! अरे, आयुष्यभर जो माणूस एकदाही कोणाला बघून हसला नाही, त्याला मेल्यावर तरी त्याचा राग ठेवू द्या!

त्याखाली निरोप आला की श्रद्धांजली सभा रविवारी, त्याच जागेवर, नवीन कॅफेत. आयोजकांनी कोपऱ्यातलं टेबल राखून ठेवलंय.

मी टाइप केलं, "डबा कोणी आणला?"

मग एकानं विचारलं, "कोणता डबा?" त्याच्या पाठोपाठ आणखी चारजणांनी हात जोडले.

मी ग्रुप सोडला. मला वाटलं होतं, ॲडमिन गेला की ग्रुप बंद पडेल. तसं होत नाही म्हणे. आपोआप दुसरा ॲडमिन होतो.

श्रद्धांजलीच्या रविवारी मी बाल्कनीत गहू पसरले. सुषमा म्हणाली, "मरोद्याला जायच्या पेट्रोलमध्ये दहा किलो पीठ येते." बरोबर आहे तिचं. पण काकांची चक्की बंद झाल्यापासून दळण मी तिथेच नेतो. मागच्या खेपेला सुकवारोबाईंनी दगडावर हात ठेवून छत्तीसगढीत सांगितलं होतं, "बबा के पथरा हे, बने पीसथे." बाबांचा दगड आहे, छान दळतो. तो दगड रिकामा फिरू नये, एवढंच मला जमण्यासारखं आहे.

दुपारी एक दाणा दाताखाली धरला. आवाज आला नाही. डबा बाजूला ठेवला आणि कबुतरं हाकलत पुन्हा बसलो.