कुलूप शाबूत आहे

जुन्या किल्ल्यांचं एक असतं. कुठली कुठल्या कुलपाची हे विसरलं तरी त्या टाकवत नाहीत. किस्स्यांचंही तसंच. आमच्या पदार्थविज्ञान विभागातले किस्से माझ्याकडे असेच साठले आहेत. काही जसेच्या तसे असतील, काही मीच वर्षानुवर्षं सांगून गुळगुळीत केलेले असतील. डॉक्टरेट मिळाली म्हणून आठवण बिनचूक होत नाही. तरी सांगतो.

*

ऐंशी सालाच्या आसपास नागपुरातल्या आमच्या कॉलेजात विभागाला फोन मिळाला, आणि लगेच त्याच्या डायलला कुलूप लागलं. चिमुकलं, पितळी. डायलच्या एका भोकात बसवलं की डायल फिरत नाही. आलेला फोन घेता येतो, आपल्याला लावता येत नाही. किल्ली विभागप्रमुख डोंगरे सरांच्या खिशात, चष्म्याच्या घरात.

आमचे तरुण सहकारी रामटेके म्हणाले, "सर, हा फोन होय का तिजोरी?"

"फोन होय, म्हनून तं कुलूप! तिजोरीपाशी येऊन कोनी 'एकच मिनिट' म्हनते का गा?"

*

सरांच्या घरीही फोन होता, नंदनवनला. पत्नीला, मालतीवहिनींना, दमा होता. रात्री-बेरात्री डॉक्टरांना बोलावता यावं म्हणून तो घेतलेला. पण फोन आल्याबरोबर आळीतली माणसंही आली. कुणाला भावाशी बोलायचं, कुणाला गाडीची वेळ विचारायची. मग तिथंही तसंच पितळी कुलूप. सर बाहेर जाताना किल्ली खुंटीला अडकवून जात.

चहाला गेलो असताना मी काळजीनं विचारलं, "वहिनी, किल्ली तुमच्याजवळ असते ना?"

वहिनी हसल्या. "माह्यापाशी फोन रायते, भाऊ. किल्ली यांच्यापाशी!"

सर हसले नाहीत. "खुंटीवर ठेवून जातो ना मी," एवढंच म्हणाले.

*

एकदा सर वर्गावरून परतले, तर रामटेके मजेत फोनवर बोलत बसलेले.

"कुलूप तोडलं?"

"नाही सर. कुलूप शाबूत आहे. हात लावून पाहा!"

युक्ती सोपी होती. रिसीव्हर उचलायचा आणि तो ज्यावर ठेवतात ते बटण बोटानं ठोकायचं. पाचाच्या आकड्यासाठी पाचदा, मग क्षणभर थांबून पुढचा आकडा. एक्स्चेंजला वाटतं, डायलच फिरली!

सर इतके चिडले की घरी जाऊनही शांत झाले नाहीत. पुढच्या वेळी आम्ही चहाला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच का हो ते रामटेके? तुमची टकटक यांनी मले रागारागानं करून दाखवली. वरून म्हनतात, हे काय शिकलेल्या मानसाचं लक्षण होय!"

*

मीही एकदा ठोकून पाहिलं. माझा प्रबंध कंपनांवर होता, पण हात थरथरला की आकडे चुकतात, हे त्यात कुठं नव्हतं. एका बाईंच्या घरी लागला.

"कोन पायजे?"

मी घाबरून म्हणालो, "कोणी नाही."

"मंग काहून लावला गा?"

मी रिसीव्हर खाली ठेवला.

*

प्रात्यक्षिक परीक्षेसाठी सर आणि मी काटोलला गेलो होतो. दुपारी चष्मा काढायला सरांनी चष्म्याचं घर उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आत विभागाच्या किल्लीशेजारी घरच्या फोनचीही किल्ली होती; घाईत ती खुंटीवर ठेवायची राहिली होती. सकाळी निघताना वहिनींना धाप लागतच होती.

संत्र्याच्या बाजारात एका अडत्याकडे फोन होता. त्यालाही कुलूप! मालक जेवायला गेलेला. मुनीम म्हणाला, "किल्ली शेठपाशी आहे. काय करू?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग आपली किल्ली त्या परक्या कुलपात घातली. ते उघडलं!

सर नुसते बघत राहिले. "सगळ्यायची किल्ली एकच आहे," ते म्हणाले, मला की स्वतःला कोण जाणे.

त्यांनी ट्रंक कॉल लावून घेतला. ऑपरेटर म्हणाली, नंबर एंगेज आहे. पुन्हा एंगेज. तिसऱ्यांदाही एंगेज. रिसीव्हर घसरून पडला असेल? तो उचलून ठेवायलाही कोणी नसेल?

निघताना सरांनी अडत्याचं कुलूप परत लावलं. मग आम्ही बस स्टँडकडे पळत सुटलो.

*

नंदनवनला पोचलो तेव्हा दारात डॉक्टरांची स्कूटर होती. इंजेक्शन देऊन झालं होतं. वहिनी उशांना टेकून बसल्या होत्या, ओठ अजून निळसर. रिसीव्हर टेबलाखाली लोंबत होता.

"डॉक्टरले कोनी बोलावलं?" सरांनी विचारलं.

वहिनींनी स्वतःकडे बोट दाखवलं.

"पन कुलूप..."

बोलायला श्वास पुरत नव्हता. त्यांनी पलंगाच्या कडेवर बोटानं ठोकलं. टक टक टक. थांबल्या. टक टक.

सर पायताण घालूनच पलंगाशी खाली बसले.

*

वहिनी बऱ्या झाल्यावर सर विभागात आले. चष्म्याच्या घरातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. रामटेकेंना वाटलं, आज सुटका! त्यांनी हात पुढं केला.

"ते राहू द्या," सर म्हणाले. "मले ठोकनं शिकवा."

रामटेकेंनी दाखवलं. सर आपल्या घरचा नंबर ठोकू लागले. पहिल्यांदा कुठल्याशा लाकडाच्या टालात लागला. सरांनी माफी मागितली. दुसऱ्यांदा लागलाच नाही. सरांना घाम आला होता.

"सर, मी लावून देऊ?"

"नाही. तिले कोनी लावून देल्ला नव्हता."

तिसऱ्यांदा तिकडून आवाज आला. सरांनी आमच्याकडे पाठ केली.

"मी बोलून राहिलो," ते म्हणाले. "नाही, काही काम नाही."

तिकडून वहिनी काहीतरी विचारत होत्या. किल्ली टेबलावर तशीच पडलेली होती.

"हो," सर म्हणाले. "ठोकूनच लावला."