कावळ्यापुढचं बोलणं

मी चौतीस वर्षं दुसऱ्यांची भाषणं लिहिली. एका सरकारी कारखान्याच्या कचेरीत माझ्या टेबलावर 'जनसंपर्क' अशी पाटी होती. प्रत्यक्षात काम एवढंच, की साहेब ज्या प्रसंगाला उभे राहतील त्या प्रसंगाला साजेसा कागद त्यांच्या हातात असावा. एकदा एका साहेबांनी सुरक्षा सप्ताहाचं भाषण निरोप समारंभात वाचलं. निवृत्त होणाऱ्या गृहस्थांना त्यांनी हेल्मेट घालूनच कामावर येण्याचं आवाहन केलं. टाळ्या पडल्या. गृहस्थ डोळे पुसत होते.

तेव्हापासून भाषणातला मजकूर आणि भाषणाचा उपयोग या दोन गोष्टी मी वेगळ्या धरतो.

निवृत्तीनंतर बेंगळुरूत बसवनगुडीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी मी भाषणकलेचा वर्ग घेऊ लागलो. पहिल्या दिवशी फळ्यावर चार प्रश्न लिहितो. माहिती द्यायची आहे? मन वळवायचं आहे? करमणूक करायची आहे? की प्रसंग पार पाडायचा आहे? उभं राहण्याआधी हे ठरवा, ठरत नसेल तर बसून राहा. बहुतेक थोर वक्त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं, असं माझं मत आहे.

प्रसंगाच्या भाषणात सगळ्यात अवघड श्रद्धांजली. तिचा सराव करायला मेलेला माणूस लागतो. पहिल्या वर्षी एकानं आपल्या हयात सासऱ्यांवर भाषण केलं आणि त्यात तो इतका रंगला, की मला सासऱ्यांची काळजी वाटू लागली. म्हणून पुढे मी स्वतःलाच उसना देऊ लागलो. व्यासपीठावर एक खुर्ची, तिच्या पाठीला गांधी बाजारातून आणलेला शेवंतीचा हार, आणि खुर्चीत मी. जिवंत माणसाकडे बघत त्याच्या मरणाबद्दल बोलता येत नाही, म्हणून मुलांना सांगतो, माझ्या डोक्यावरच्या भिंतीतल्या खिळ्याकडे बघा. तिथे पूर्वी कुणाचा तरी फोटो होता. कुणाचा, हे आता मंडळात कोणालाच आठवत नाही.

गेल्या वर्षीच्या एका शनिवारी हा सराव चालू होता. बेळगावकडची एक मुलगी वर्गात होती, एचएसआर लेआउटमधल्या कुठल्याशा कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करणारी. बोलायची फार कमी. वर्गात सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा नियम आहे. आपलंच बोलणं नंतर ऐकायचं म्हणून तिनं रेकॉर्ड करायची परवानगी मागितली आणि फोन हातात ठेवला.

"सर, तुम्ही बसा की नीट," ती म्हणाली. "हलला की माझं चुकतंय बघा."

मी हललो नाही. तिनं मंडळाच्या रीतीप्रमाणे सुरुवात केली : आपले भाषणाचे सर आज आपल्यात नाहीत हे कळवताना अत्यंत दुःख होत आहे. मग तिनं आवाज खाली आणला. सर वाक्य संपलं की स्वल्प थांबायचे, ती म्हणाली. आम्हाला वाटायचं, ते पुढचं वाक्य आठवतायत. एकदा कळलं, ते पुढचं वाक्य कुणी आपल्याआधी बोलतंय का, हे बघतायत.

मला खोकला आला होता. तो मी दाबून धरला. हॉलमध्ये सगळे खिळ्याकडे बघत होते, आणि मधे खोकणं शोभणार नाही असं मला खरोखरच वाटलं. माझ्याच श्रद्धांजलीत मी अडथळा कशाला आणू?

ती खाली बसली आणि दुसरा विद्यार्थी उभा राहिला. त्याचं तिसरं वाक्य चालू असताना टेबलावरचा डबा थरथरायला लागला. आधी हलकेच, मग झाकण वाजेपर्यंत. आतले सगळे फोन एकदम हलत होते. कुणीच उठेना. शेवटी मीच हाराच्या खुर्चीतून उतरलो आणि झाकण उघडलं.

इथे आमच्या मंडळाची एक सवय सांगायला हवी. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचे. मराठी घरात बोलतो, पण शाळा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत झालेली, त्यामुळे निम्म्या लोकांना मराठी वाचता येत नाही. म्हणून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजकूर कुणी लिहितच नाही, बोलून पाठवतात. हळदीकुंकू, वर्गणी, मयत, सगळं आवाजात. मुलीला आपलं रेकॉर्डिंग वर्गाच्या ग्रुपवर टाकायचं होतं. दोन्ही ग्रुपवर फोटो याच हॉलचा, म्हणून ते मंडळाच्या ग्रुपवर गेलं.

"सर, चुकून गेलं बघा," ती म्हणाली. "परत घ्यायला गेले, तोवर सगळ्यांनी ऐकलंय. खरं काय ते सांगून पण टाकलं मी. आता कोण ऐकना."

ऐकत नव्हते ते खरंच. लोक बोलण्यात गुंतले होते. मी माझा फोन कानाला लावला आणि एकामागून एक आवाज येऊ लागले. ज्यांनी दहा वर्षांत माझ्याशी 'काय, बरं आहे ना' यापलीकडे शब्द काढला नव्हता, ते आता माझ्याबद्दल मिनिटभर न थांबता बोलत होते. अध्यक्षांनी दीड मिनिटाची श्रद्धांजली वाहिली. ऐकता ऐकता पुढचा शब्द मला आधीच कळू लागला. तीन वर्षांपूर्वी एका कापड व्यापाऱ्यासाठी ती मीच लिहून दिली होती. त्यातलं 'सचोटीचा धागा' तसंच ठेवलं होतं. मी कधी रुमालसुद्धा विकलेला नाही.

तेवढ्यात भाच्याचा फोन आला. मी 'हॅलो' म्हटलं.

"मामा?" तो म्हणाला. "तुम्हीच बोलताय का?"

"मग कोण बोलणार?"

"आईनं ऐकलं हो. शेजारच्या बाईंनी फोन थेट तिच्या कानालाच लावला. नंतर मी सांगितलं तिला, चुकून आलंय म्हणून. ती म्हणते, सरी, असू दे."

अक्का, माझी थोरली बहीण, चिकपेटेत राहते. कन्नडमधलं 'सरी', म्हणजे 'बरं', हा तिचा नेहमीचा शब्द. खाली भाच्याचं साड्यांचं दुकान, वर घर. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि अक्का सोळाची. तिनंच मला वाढवलं. मला ती आजही पुट्टा म्हणते, म्हणजे लहानगा. गेली दोन वर्षं तिच्या आठवणी जागा सोडून फिरतात. पण एकदा आत गेलेली गोष्ट बाहेर निघत नाही. मी गेलो ही गोष्ट तिच्या आत जाऊन बसली, तर तिथून ती कोण काढणार? मंडळानं मला मेलेला धरलं तरी माझं काही अडत नव्हतं. अक्कानं धरू नये, एवढंच हवं होतं. ती गोष्ट मुक्कामाला बसण्याआधी अक्कासमोर उभं राहायला हवं होतं.

मेट्रोनं दोन स्टेशनं. फाटकावर मी कार्ड टेकवलं. ते उघडलं नाही. पुन्हा टेकवलं. मागच्या माणसानं माझ्या खांद्यावरून हात घालून आपलं कार्ड लावलं, फाटक उघडलं आणि माझ्याकडे न बघता तो पार झाला. तिसऱ्या वेळी मलाही सोडलं. अशा गोष्टी रोज घडतात. त्या दिवशी मी त्या मोजत होतो.

अक्का मागच्या गॅलरीत उभी होती. मला बघून ती दचकली नाही. हसलीसुद्धा. पण बस म्हणाली नाही. त्या घरात पोस्टमनलाही बस म्हणतात.

"आलास," ती म्हणाली. "मला वाटलंच."

मी सरळ माहिती दिली. "अक्का, मी जिवंत आहे. वर्गातला सराव होता, तो चुकून सगळीकडे गेला."

"हो रे पुट्टा," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "कुणालाच लगेच कळत नाही."

मग मन वळवायला गेलो. तिचा हात घेऊन माझ्या मनगटावर ठेवला. नाडी लागते का बघ, म्हटलं. तिनं बोटं ठेवली, डोळे मिटले.

"गार आहे," ती म्हणाली.

मेट्रोच्या एसीत मी लोखंडी दांडा धरून उभा होतो, हे कारण माझ्यापाशी होतं. पण ते बोलताना माझाच आवाज मला पटेना. शेवटी विनोदाचा आधार घेतला. "अगं, मेलो असतो तर मेट्रोनं आलो असतो का?"

"तू चालायला आळशीच," अक्का म्हणाली.

दारात भाचा उभा होता. तो हसला आणि लगेच थांबला. फळ्यावरच्या चारपैकी तीन प्रकार झाले होते. चौथा माझ्या हातात नव्हता, कारण प्रसंग तिचा होता.

"आज दहावा ना तुझा," ती म्हणाली.

बातमी येऊन दोन तास झाले होते. तिच्या हिशेबात दहा दिवस सरले होते. गॅलरीच्या कठड्यावर तिनं माझ्या आवडीची फिल्टर कॉफी मांडून ठेवली होती, स्टीलच्या लोट्यात, खाली वाटी. समोर विजेच्या तारेवर कावळा बसला होता. तो कॉफीकडे बघत होता आणि येत नव्हता.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, की गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं धरतात. मग घरातला एकेक जण पुढे होऊन मोठ्यानं कबुली देतो : मुलीचं लग्न करू, घर विकणार नाही, म्हाताऱ्या आईला बघू. गोष्ट नेमकी सापडली, की कावळा येतो म्हणतात. असली भाषणं मी लहानपणापासून ऐकली. एकाही पुस्तकात त्यांचा प्रकार दिलेला नाही आणि मीही त्यांना कधी फळ्यावर घेतलं नाही.

अक्कानं पदर सारखा केला आणि कावळ्याशी बोलायला लागली. मी दोघांच्या मधे उभा होतो.

"तुझी पुस्तकं रद्दीत घालू देणार नाही," ती म्हणाली. कावळा हलला नाही. "तो चष्मा कुणाला देणार नाही." कावळ्यानं चोच तारेला घासली. "वर्ग बंद पडणार नाही, ती मुलं चालवतील." काही नाही. ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "मी तेव्हा तोंड मिटून बसायला हवं होतं."

मी कावळ्याकडे पाठ फिरवली.

नववीत असताना मंडळाच्याच हॉलमध्ये वक्तृत्व स्पर्धा होती. महिनाभर मी स्वयंपाकघरात भाषण पाठ करत होतो आणि अक्का पीठ मळताना ऐकत होती. त्या दिवशी अर्ध्यावर मी अडलो. तिसऱ्या रांगेतून अक्कानं पुढचं वाक्य मोठ्यानं सांगितलं. हॉल हसला. मी व्यासपीठावरून उतरलो. त्यानंतर कागदाशिवाय मी कुठे बोललो नाही, आणि अक्काला कुठल्याही कार्यक्रमाला नेलं नाही. दर वेळी एखादं कारण सांगायचो. ती 'सरी' म्हणायची. तिला कळलं नव्हतं, असं मी पन्नासाहून जास्त वर्षं धरून चाललो होतो.

"तुझं तुला आठवलं असतं," ती कावळ्याला म्हणाली. "मी थांबले नाही. पुढच्या वेळेला थांबेन."

कावळा उडाला. कॉफीवरून गेला आणि समोरच्या गच्चीपलीकडे दिसेनासा झाला. अक्काचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तिनं नेमकी गोष्ट शोधून दिली होती आणि ती घ्यायला कुणी आलं नव्हतं.

मी कावळ्याच्या गोष्टी मानत नाही. मी कठड्याकडे गेलो, लोटा उचलला आणि गार झालेली कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.

"शिवला," अक्का म्हणाली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला.

"आई, मामा आहेत ते," भाचा म्हणाला.

"माहीत आहे रे. आता सोड त्याला."

मंडळात माझं मरण त्याच संध्याकाळी मागे घेण्यात आलं. अध्यक्षांनी आवाजात दिलगिरी पाठवली. त्या मुलीनं वर्ग सोडायचं ठरवलं होतं, तिला मी सोडू दिलं नाही. 'इतकी चांगली श्रद्धांजली मला पुन्हा कोण वाहणार' असं म्हटल्यावर ती पुढच्या वर्गाला आली, फोन डब्यात टाकून.

त्या दिवशी वर्ग संपवून मी पुन्हा चिकपेटेत गेलो. या खेपेला अक्कानं मला बस म्हटलं. पाणी दिलं, कॉफी दिली.

"तुम्ही मंडळातले ना?" तिनं विचारलं. तिनं मला कधीच तुम्ही म्हटलं नव्हतं. मग पुढे झुकून, भाच्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "माझा धाकटा भाऊ गेला. तुम्हाला कळलं असेल."

कळलं, असं मी म्हणालो.

"तुम्ही ओळखत होता ना त्याला? मग दोन शब्द बोला की. इथे कुणी बोललंच नाही."

मी उभा राहिलो. खिशात कागद नव्हता. भिंतीवर खिळा शोधला, तोही नव्हता, म्हणून तिच्याकडेच बघत बोलायला लागलो. तो आळशी होता, म्हटलं, आणि दुसऱ्यांच्या तोंडून बोलायचा. त्याला एका मुलीनं वाढवलं, जी स्वतःच तेव्हा सोळा वर्षांची होती. तिच्यावर तो एकदा रागावला आणि मग तो राग काढून टाकायला...

इथे मी अडलो. पुढचं वाक्य येईना. खालच्या दुकानात कुणीतरी साडी झटकून उलगडल्याचा आवाज आला. अक्कानं मान वर केली. तिचे ओठ किंचित उघडले, आणि मग तिनं ते घट्ट मिटले. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती वाट बघत बसली.