धाकटीला गावी पाठवणार नाही

मुलाला शाळेतून काढलं तेव्हा आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये दोन गट पडले. एका गटाचं म्हणणं, मला वेड लागलंय. दुसऱ्या गटाचं म्हणणं, ते आधीपासूनच होतं. मी दोन्ही गटांना जिन्यात हसून उत्तर दिलं आणि घरी येऊन भांडी आपटली.

मुलगा नऊ वर्षांचा. बोलताना अडखळतो. वर्गात उभं राहून वाचायची त्याची पाळी आली की पोरं आधीच हसायला लागायची. मग एक दिवस तो शाळेत बोलायचाच थांबला. घरी अखंड बडबड आणि शाळेत तोंडातून शब्द नाही. बाई म्हणाल्या, ह्याला वेगळ्या शाळेत घाला. मी म्हटलं, घालते, माझ्या शाळेत.

परीक्षा बाहेरून देता येते. मी बी.कॉम. झालेली, चौथी-पाचवीचं गणित मला जड जाऊ नये. सगळा विचार केला होता, फक्त साडेतीन वर्षांची धाकटी त्यात धरली नव्हती.

आम्ही अपूर्णांकाला हात घातला की हिला शी लागायची. शी झाली की भूक लागायची. मग दादाची पेन्सिल हवी, दादाची वही हवी, दादा बसलाय तीच चटई हवी. सल्ले फुकट मिळत होते. क्ले आण म्हणाले, आणला. तो तिनं मिक्सरच्या भांड्यात भरला. मोबाईल दे म्हणाले, दिला. ती गप्प बसली खरी, पण थोरलाही तिच्या खांद्यावरून मोबाईलच बघायला लागला. बालवाडी दुपारची होती आणि माझी अडचण सकाळची.

एकदा बिरड्याच्या उसळीसाठी वालांना मोड आणून ठेवले होते. शुद्धलेखन घालता घालता सोलून होतील म्हणून कोमट पाण्याचं पातेलं घेऊन मी चटईवर बसले. मोड आलेला वाल दोन बोटांत दाबला की साल हातात राहतं आणि डाळिंबी टुणकन बाहेर उडते. धाकटीनं ते पाहिलं आणि पातेल्यात हात घातला. दोन-चार ठेचल्या, मग जमलं. शुद्धलेखन संपलं, तपासून झालं, तरी ही मान वर करेना. मी उठवायला गेले तर म्हणाली, "थांब ना, माझा अभ्यास चाललाय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिला खेळणं नकोच होतं. आम्ही दोघं कामात आणि ही एकटी रिकामी, हेच तिचं दुखणं होतं.

मग काय, मी वाल किलोकिलोनं आणायला लागले. आमच्याकडे इतकं बिरडं झालं की नवरा डबा उघडायच्या आधीच तोंड वाकडं करायचा. उरलेलं मी वाट्या भरभरून शेजारी पोचवलं. दोन्ही गटांनी ते चाटूनपुसून खाल्लं आणि खाईपर्यंत तरी माझ्याविषयी बोलायचे थांबले. माझी शाळा सुरळीत चालली होती आणि मला त्याचा गर्व होता. आजही आहे.

अशात देवगडकडून नवऱ्याची आत्या आली. आमच्या लोकांत हे जुनंच आहे. मुंबईच्या खोलीत दोन पोरं जड झाली की एक गावी जातं आणि आजी नाहीतर आत्या त्याला वाढवते. माझा नवरा तसाच वाढला. आई-वडील इकडे, तो तिकडे ह्या आत्याजवळ. आत्या मायाळू बाई, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बॅग खाली ठेवताच ती धाकटीकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्या चेडवाक घेऊन जातंय वर्षभर. मगे तू थोरल्याक खुशाल शिकव."

मी म्हटलं, "आत्या, आधी चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम तिच्यासमोर शाळा भरवली. बघा म्हटलं, कसं जमतं ते. थोरला मोठ्यानं धडा वाचत होता. आत्या त्याच्याकडे कौतुकानं बघत होती, मी आत्याकडे बघत होते, आणि पातेल्याकडे कोणीच बघत नव्हतं. धाकटीनं एक वाल नाकात घातला.

ती किंचाळली. आत्या चिमटा शोधायला धावली. मी तिला अडवलं, मुलीची मोकळी नाकपुडी बोटानं दाबली आणि म्हटलं, जोरात शिंकर. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा वाल बाहेर आला आणि थोरल्याच्या वहीवर पडला. धाकटी रडायची थांबली. माझं रडू मात्र थांबेना.

आत्या म्हणाली, "बघलंस? आता तरी आयक. एका वेळी दोघांका तुझ्याच्यान होवचा नाय."

"नाही होत," मी म्हटलं, "पण मी तिला पाठवणार नाही."

"अगो, तुझ्या नवऱ्याक मीयाच वाढवलंय ना? काय कमी पडला ह्याका?"

नवऱ्याची दुपारपाळी होती, म्हणून तो घरातच होता. आत्या आल्यापासून ह्या विषयावर तो तोंडातून अवाक्षर काढत नव्हता आणि त्याचा मला भयंकर राग आला होता. तो दाढी करता करता मोरीतून बाहेर आला, अर्ध्या गालाला फेस तसाच.

"काही कमी पडलं नाही, आत्या," तो म्हणाला. "पण आई मे महिन्यात यायची ना, तेव्हा मी तुझ्या पदरामागे लपायचो. ती मला जवळ घ्यायला बघायची. ती मुंबईला परत निघाली की मला बरं वाटायचं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. माझी सासू आता नाही. मला ती गावच्या अंगणात हात पुढे करून उभी दिसली, आणि आत्याच्या मागे दडलेलं पोर दिसलं, आणि मी धाकटीला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली.

आत्यानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "ता माका ठावक होता." टोक सोडून म्हणाली, "तिका पण ठावक होता."

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. चार दिवस राहिली आणि एकटीच गावी गेली.

अजूनही जिन्यात कोणी ना कोणी विचारतं, दोघांना एकटी कशी सांभाळतेस, जमतं का? मी सांगते, पुष्कळ वेळा जमत नाही. आणि जमलं नाही तरी माझी मुलं माझ्याच घरात राहतील.