रस्त्याकडच्या सहा ओळी

कृषी पदवी घेऊन मी गावात परतले. आमच्या घरातली ती पहिली पदवी. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

आमचं शेत म्हसावदच्या रस्त्याला लागून आहे. त्या रब्बीत मक्याची नवी पानं शिरेच्या दोन्ही बाजूंनी पांढुरकी-पिवळी पडायला लागली. जस्त कमी पडलं की मका असाच दिसतो. झिंक सल्फेट पाण्यात विरघळवायचं, त्यात चुन्याची निवळी टाकायची आणि ऊन चढायच्या आत पानांवर फवारायचं. खर्च म्हणाल तर चहापाण्याएवढा. पण गाव मारायचं ती गावातल्या औषध दुकानदाराची, म्हणजे शेठची, टॉनिकची महागडी बाटली. तिच्यातही मुख्य काम जस्तच करतं. वरचे पैसे रंगीत कागदाचे आणि शेठच्या गोड बोलण्याचे.

मी पारावर बसलेल्यांना सांगितलं, रस्त्याकडच्या सहा ओळी मी कोरड्या ठेवते, बाकी शेत फवारते. तीन आठवड्यांनी या आणि तुमच्या डोळ्यांनी फरक बघा. शेठ हसला, म्हणाला मीपण येतो. लोकांना तो फरक एकदा दिसला असता, तर पुढच्या हंगामात बाटल्या दुकानातच राहिल्या असत्या. आणि पोरीला शिकवून काय मिळवलं, असं माझ्या बापाला विचारायची कुणाची छाती झाली नसती.

पंप मी स्वतः पाठीवर घेतला. आठवडा गेला तसं शेत गर्द हिरवं, काळंशार व्हायला लागलं. त्या सहा ओळी तेवढ्या पिवळ्या राहिल्या. त्यांचा पिवळेपणा मला सोन्यासारखा वाटत होता. मग मामाच्या घरच्या लग्नाला रनाळ्याला गेले आणि तिथेच अडकले.

परत आले तर एसटीतूनच दिसलं. सहाही ओळी हिरव्या.

माझ्या बापाने, आबांनी, फवारल्या होत्या. तेही शेठची बाटली आणून. जाता-येता लोक बांधावर थांबून बोलायचे. एकाने तर गाडी उभी करून विचारलं होतं, "का रे भो, पोर शिकीसन उनी अन मका पिवळा पडना?" पोर शिकून आली तरी मका पिवळाच, हे पहिले काही दिवस आबांनी ऐकून घेतलं, मग दुकान गाठलं. मी घरात आरडाओरडा केला. त्या ओळी म्हणजे पुरावा होत्या, तुम्ही पुरावा पुसलात, असं मी म्हणाले. ते म्हणाले, एकाच शेतातल्या अर्ध्या लेकरांना वाढायचं आणि बाकीच्यांना ताटावरून उठवायचं, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?

ठरल्या दिवशी माणसं आली. शेठ तर इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"ताईंचं हिरवं, बाटलीचंबी हिरवं. मंग भांडण कशानं?"

सगळे हसले. मी सहा ओळींकडे बोट केलं. मी चारचौघांत बापाकडे वळले.

"आबा, तठे काय मारं, कसाले मारं, तुमीच सांगा."

आबा खोटं बोलत नाहीत. "मीच मारी शेठनी बाटली," ते म्हणाले. "पिवळं माले दखायनं नही."

पिवळं पान बापाला बघवलं नाही, हे ऐकून सगळ्यांनी माना हलवल्या. फवारणी न केलेली ओळ कशी दिसली असती, हे एकानेही विचारलं नाही. बाटलीचा भाव विचारला नाही. शेतकऱ्याचं काळीज असंच असतं, असं एक म्हातारबाबा म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. माझ्या विद्येचं काय झालं, त्यावर कुणाचे डोळे भरले नाहीत. संध्याकाळी शेठच्या दुकानात याच माणसांची गर्दी होती.

मला राग शेठचा नाही, तो धंदा करतो. राग या काळजाचा आहे. ते पिवळ्या पानाला बघून विरघळतं आणि दुकानात जाऊन उभं राहतं.

यंदा मी परत मका पेरलाय. परवा सकाळी चहा पिताना आबांना सांगितलं, ओळी परत कोरड्या ठेवणार, तशाच रस्त्याकडेला. त्यांनी बराच वेळ बशीत फुंकर घातली.

"ठेव. पन त्यासले पाजाना टाईम व्हई तवय माले सांगजो."

मी म्हटलं, त्या ओळींना पाजायची वेळच येणार नाही, कापणीपर्यंत काहीही मिळणार नाही. त्यांनी बशी तशीच ठेवली आणि उठून गेले. जाऊ देत. पंप माझ्या खोलीत आहे, आणि खोलीला मी कुलूप लावते.